बाईंचं लांब दावं

बाई मीटिंगला स्वतःचं स्टूल घेऊन यायच्या. लाकडी, घडीचं, पहिलीतल्या मुलाच्या खुर्चीइतक्याच उंचीचं. बाकी सगळे मोठ्या खुर्च्यांवर बसत, आणि बाई टेबलाच्या कडेवरून फक्त डोळे आणि पांढरा बॉयकट दिसेल अशा बसत. नवीन शिक्षकांना वाटायचं, यांना कमरेचं काही दुखणं असावं. कुणी विचारलंच तर त्या शांतपणे सांगायच्या, "ज्या मुलाबद्दल बोलायचंय त्याला हे टेबल एवढंच दिसतं. कुणीतरी तिथून बघायला नको का?"

जपानमधल्या कोबेत राहिलेली आम्ही माणसं सगळा काळ पंच्याण्णवच्या भूकंपाच्या आधीचा आणि नंतरचा असा धरतो. बाई आधीच्या. डोंगराच्या चढावर एक लहानशी आंतरराष्ट्रीय शाळा होती, तिथं त्या समुपदेशक होत्या आणि मी ऑफिसात अर्धवेळ काम करत होते. नवरा पुण्याहून सॉफ्टवेअरच्या कॉन्ट्रॅक्टवर आलेला, मी त्याच्या मागोमाग. भारतात बँकेत नोकरी केली होती, इंग्रजी टायपिंग चांगलं होतं, तेवढ्यावर मला घेतलं. मीटिंगमधलं बोलणं उतरवून घ्यायचं आणि टाइप करून द्यायचं, हे माझं मुख्य काम.

बाई मूळच्या साताऱ्याच्या. लग्न होऊन साठच्या दशकात ओहायोत गेल्या, तिथल्या सरकारी शाळेत आधी मुलांच्या जेवणघरात मदतनीस म्हणून लागल्या, मग शिकल्या, शिक्षिका झाल्या, आणि शेवटी सगळ्या शहरातल्या शाळांतली अडणारी, अडखळणारी मुलं त्यांच्या कचेरीत यायला लागली. नवरा गेल्यावर निवृत्ती घेतली. "साताऱ्याला परत जायला निघाले होते," त्या म्हणायच्या, "अर्ध्या वाटेत उतरले." ती अर्धी वाट म्हणजे कोबे.

त्यांचं आडनाव लांबलचक होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं, मला बाई म्हणा, आमच्याकडे शिक्षिकेला तेच म्हणतात. ऑफिसातल्या जपानी बायकांनी लगेच पुढे आदराचं सान लावलं. जपानीत बाई म्हणजे पट, दुप्पट-तिप्पट मधला. त्यामुळे बाई-सान ही हाक ऐकली की त्या बायकांना मनातून हसू यायचं, आणि खरं सांगायचं तर ते नाव बाईंना शोभायचं. कॉटनची साडी, खाली पांढरे कॅनव्हासचे बूट, खांद्यावर घडीचं स्टूल अडकवलेलं. चढावरून येताना लांबून दिसायच्या.

आमची ओळख एका शब्दावरून झाली. मी मीटिंगचं टाइप केलेलं त्यांच्याकडे सही घ्यायला नेलं. त्यात कुठंतरी 'मेनस्ट्रीमिंग' होतं. बाईंनी त्यावर बोट ठेवलं.

"हे काय लिहिलंयस?"

"मीटिंगमध्ये तेच म्हणाले ना."

"म्हणाले. पण म्हणजे काय?"

मी इंग्रजीतून सांगायला लागले. त्यांनी हात वर केला. "मराठीत सांग. तुझ्या सासूबाईंना सांगशील तसं."

मला जमेना. मुख्य प्रवाहात आणणे वगैरे म्हणाले, तर त्या म्हणाल्या, "हे वर्तमानपत्रातलं झालं. सासूबाई म्हणतील, कुठली नदी गं?" मग बऱ्याच वेळानं मी म्हणाले, "सगळ्या मुलांबरोबर त्यालाही बसवायचं."

"हां. आता कळलं. आता कुणी नाही म्हणत असेल तर तो कशाला नाही म्हणतोय तेही कळलं."

हा त्यांचा नियमच होता. मुलाच्या आईला तिच्या भाषेत सांगता येत नाही असा शब्द त्या मुलाबद्दलच्या मीटिंगमध्ये वापरायचा नाही. अमेरिकेतल्या शिक्षण खात्यानं असे शब्द पोतंभर तयार करून ठेवलेत, असं त्या म्हणायच्या, आणि आमच्या शाळेतले शिक्षक बहुतेक तिकडचे किंवा तिकडची पुस्तकं वाचलेले, त्यामुळे तेच शब्द समुद्र ओलांडून आमच्या मीटिंगमध्ये येऊन बसलेले. दुपारी चहा पिताना बाई एकेक शब्द काढायच्या आणि मला त्याचं मराठी करून दाखवायच्या. हुशार मुलांची वेगळी तुकडी, मधल्यांची वेगळी, मागच्यांची वेगळी, याला तिकडे ट्रॅकिंग म्हणतात. बाई म्हणायच्या, पंक्तिप्रपंच. "एकाच मांडवात एकाला तूप आणि दुसऱ्याला नुसता भात. वर म्हणायचं, जेवण सगळ्यांना दिलं." सोशल प्रमोशनला त्यांना शब्द शोधावाच लागला नाही. "ढकलपास. आपल्याकडे कधीचा आहे." शाळा तिथल्या घरपट्टीतून चालतात हे ऐकून मी चकित झाले होते. बाई म्हणाल्या, "ज्या वस्तीत बंगले तिथल्या शाळेत पोहायचा तलाव, ज्या वस्तीतला कारखाना बंद पडला तिथल्या शाळेचं छप्पर गळतं. आणि त्याला नाव लोकल कंट्रोल. म्हणजे आपली गावकी."

'अॅट रिस्क' हा शब्द निघाला की त्यांची भिवई चढायची. "धोका मुलाला आहे की मुलापासून आपल्याला, ते आधी ठरवा." आणि 'अकाउंटेबिलिटी' निघाला की त्या बोटांवर हिशेब मांडायच्या. मुलानं मास्तरला जाब द्यायचा, मास्तरनं मुख्याध्यापकाला, त्यानं बोर्डाला, बोर्डानं गावाला. "आणि मुलाला जाब कोण देतं?" काही शब्दांचं मात्र त्यांना काहीच करता यायचं नाही. 'एक्सलन्स' हा त्यातला एक. तेव्हा जपानमध्ये कचरा वेगळा करायचे नियम शिकता शिकता आम्ही सगळ्याच हैराण झालेल्या. बाई म्हणाल्या, "हा मोएनाई गोमीतला. जळतही नाही, कुजतही नाही. वेगळ्या पिशवीत घालून ठेवायचा."

अशी माणसं सगळ्यांना आवडतात असं नाही. मीटिंग लांबते म्हणून शिक्षक वैतागायचे. मुख्याध्यापक ऑस्ट्रेलियाचे, सभ्य, थकलेले गृहस्थ. बाई स्टूल उघडायला लागल्या की ते घड्याळाकडे बघायचे. पण मुलं त्यांच्याभोवती असायची. रोज वेगळ्या वर्गाच्या टेबलावर त्या जेवायच्या, आणि कुणाच्या डब्यात काय आहे यावर कधी बोलायच्या नाहीत. "डब्यावर बोललं की मूल दुसऱ्या दिवशी डबा आणत नाही," हे त्या जेवणघरातल्या नोकरीत शिकलेल्या.

एकदा संध्याकाळी त्या घरी जाताना डोंगरातून रानडुक्कर उतरलं. कोबेत हे नवं नव्हतं. पिशवीचा वास लागला की ती डुकरं माणसाच्या मागं यायची. लोक पिशवी टाकून बाजूला व्हायचे. बाई तिथंच थांबून त्याला मराठीत समजावत राहिल्या, की बाबा, यात मुळा आहे, तुझ्या कामाचा नाही, घरी जा. डुक्कर उभं राहून ऐकत होतं, असं पलीकडच्या दुकानदारानं नंतर सगळ्यांना सांगितलं. मग त्यानं पिशवी ओढली, त्यातला पाव घेतला आणि गेलं. दुसऱ्या दिवशी बाई मला म्हणाल्या, "आधी पूर्ण ऐकून घेतलं त्यानं, मग नेला. ओहायोतल्या आमच्या स्कूल बोर्डापेक्षा बरं."

आता सईचं सांगते. सई माझी मुलगी.

ती जपानी बालवाडीत गेलेली, जपानी फाडफाड बोलायची. घरात मराठी. नवऱ्याचं कॉन्ट्रॅक्ट वाढलं तसं आम्ही ठरवलं की पुढे भारतात जायचंय तर इंग्रजी हवं, आणि तिला पहिलीला आमच्या शाळेत घातलं. सप्टेंबरात वर्ग सुरू झाला आणि सई गप्प झाली. घरी नाही, फक्त वर्गात. हजेरीलासुद्धा ती हात वर करायची, तोंडातून शब्द नाही. मी ऑफिसात बसायचे, तिचा वर्ग कॉरिडॉरच्या टोकाला. मधल्या सुट्टीत बाकीच्या मुलांचा गलका यायचा, त्यात मी तिचा आवाज शोधायचे. नवरा म्हणायचा, येईल हळूहळू. नाताळची सुट्टी झाली तरी आला नाही.

जानेवारीत तिच्यासाठी मीटिंग ठरली. पहिल्यांदाच मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसले होते. नवरा नागोयाला गेलेला. मुख्याध्यापक, सईची वर्गशिक्षिका, आणि स्टुलावर बाई. वर्गशिक्षिका कॅनडाची, पहिलीच नोकरी, फार मेहनती मुलगी. मुख्याध्यापकांनी नीट समजावून सांगितलं. सईला कॉरिडॉरच्या पलीकडच्या लहान खोलीत दिवसभर बसवायचं, तिथं अजून दोन मुलं आहेत, एक शिक्षिका आहे, इंग्रजी आलं की वर्गात परत. तिच्या भल्यासाठी. मी मान डोलावत होते. आदल्याच आठवड्यात त्या खोलीसाठी मीच पडदे मागवले होते.

बाई इंग्रजीत म्हणाल्या, "दिवसभर? लीस्ट रिस्ट्रिक्टिव्ह एन्व्हायर्नमेंटचं काय झालं?"

मुख्याध्यापकांनी चष्मा काढला. "मला तो कायदा ठाऊक आहे. पण ही अमेरिकेतली सरकारी शाळा नाही. तो कायदा इथं लागू नाही. शिवाय तो अपंग मुलांसाठी आहे."

"कायदा लागू नाही, हे खरं," बाई म्हणाल्या. "मूल मात्र तेच असतं."

मग माझ्याकडे वळून त्या मराठीत म्हणाल्या, "तुला कळलं ना शब्द? गाईला दावं बांधावंच लागलं तर जितकं लांब सोडता येईल तितकं सोडायचं. कळपात चरता आलं पाहिजे. एवढंच म्हणतेय मी. आता तू सांग, सई घरी काय करते?"

मी इंग्रजीत सुरुवात केली. शी इज व्हेरी नॉर्मल अॅट होम, असं काहीतरी. बाईंनी थांबवलं.

"मराठीत बोल. मी त्यांना सांगते."

"बाई, मला येतं इंग्रजी. मी इथंच नोकरी करते."

"तुझं इंग्रजी नोकरीचंच आहे. त्यात तू त्यांना हो म्हणणार. आईचं बोल."

मला फार अवघडल्यासारखं झालं. ज्यांची पत्रं मी रोज टाइप करायचे त्यांच्यासमोर मराठीत काय बोलायचं. पण एकदा सुरू झाल्यावर थांबेना. मी सांगितलं की घरी आल्यावर सई झाबुतोन, म्हणजे बसायच्या उशा, ओळीनं मांडते. प्रत्येक उशीला वर्गातल्या मुलाचं नाव आहे. ती स्वतः टीचर होते. टीचर बोलतात तसंच बोलते, त्याच सुरात, आणि त्यातलं बरंचसं इंग्रजीच असतं. गोष्ट वाचायच्या आधी टीचर पाण्याचा घोट घेतात, तोही घेते. वात्रट उशीला कोपऱ्यात उभी करते. खिडकीजवळच्या उशीला मात्र रोज उचलून पुढे आणते. मी विचारलं का, तर म्हणाली, तिला फळ्यावरचं दिसत नाही, ती शेजारणीचं बघून लिहिते.

बाई वाक्यावाक्याला थांबून इंग्रजी करत होत्या. काही वाढवत नव्हत्या, काही गाळत नव्हत्या. शेवटचं वाक्य सांगितल्यावर वर्गशिक्षिकेनं हातातलं पेन खाली ठेवलं.

"खिडकीजवळची?" ती म्हणाली. "ती तर माझी सगळ्यात नीट लिहिणारी मुलगी आहे."

"उद्या तिला एकटीला बसवून बघा," बाई म्हणाल्या.

निर्णय त्या दिवशी झाला नाही. दोन दिवसांनी वर्गशिक्षिका ऑफिसात आली. खिडकीजवळच्या मुलीला खरंच दिसत नव्हतं, तिच्या आईवडिलांना बोलावलं होतं. मग ती मुख्याध्यापकांच्या खोलीत गेली, आणि दार नीट न लागल्यामुळे मला ऐकू आलं. "सई माझ्या वर्गात राहू दे. ती बोलत नाही, पण ती सगळं ऐकतेय. न ऐकणारी मुलं माझ्याकडे दुसरी आहेत."

मुख्याध्यापकांनी मधला मार्ग काढला. दिवसभर वर्ग, आणि रोज एक तास लहान खोलीत बाईंबरोबर. बाई मला म्हणाल्या, "दावं बांधलंच. पण लांब आहे."

त्या संध्याकाळी आम्ही दोघी उतारावरून स्टेशनकडे चालत होतो. कोबेत पत्ता सांगताना डोंगराकडे आणि समुद्राकडे एवढ्याच दोन दिशा वापरतात. आम्ही समुद्राकडे. मी त्यांचे आभार मानायला लागले तर त्यांनी विषय बदलला, म्हणजे मला वाटलं बदलला.

"माझा मुलगा पाच वर्षांचा होता तेव्हा," त्या म्हणाल्या, "तोही असाच गप्प. त्याच्या शिक्षिकेनं मला बोलावलं. म्हणाली, घरी फक्त इंग्रजी बोला, दोन भाषांनी मूल गोंधळतं. तेव्हा सगळीकडे हेच सांगायचे. पुढे तिकडच्या सर्वोच्च न्यायालयानंसुद्धा सांगितलं, की ज्या मुलाला भाषाच कळत नाही त्याच्या हातात सगळ्यांसारखंच पुस्तक दिलं म्हणजे समानता होत नाही. मग त्याच्या भाषेत शिकवायचे वर्ग निघाले, मग त्यावरून भांडणं, ती अजून चालूच आहेत. पण ते सगळं पुढे. तेव्हा मी नवी होते, घाबरलेली होते. मराठी बंद केलं."

"एकदम?"

"एकदम. हळूहळू जमलं नसतं मला." थोडं चालून त्या म्हणाल्या, "शिक्षिका चांगली होती गं. मनापासून सांगितलं तिनं. आणि इंग्रजी आलंच त्याला. दातांचा डॉक्टर आहे आता."

"मग आता फोनवर काय बोलता?"

"हवा. तब्येत. त्याची गाडी. तेवढ्यापुरतं इंग्रजी पुरतं."

सिग्नलला उभ्या राहिलो तेव्हा त्यांनी स्टूल एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

सई वसंतात बोलली. वर्गशिक्षिका गोष्ट वाचत होती, दोन पानं एकदम उलटली गेली. मागून आवाज आला, इंग्रजीत, की तुम्ही एक पान सोडलंत. सगळा वर्ग वळला. शिक्षिकेनं पान मागं घेतलं आणि वाचत राहिली, आणि तास संपल्यावर धावत ऑफिसात आली. मी टाइपरायटरवर हात ठेवून नुसती बसून राहिले. बाईंना कळलं तेव्हा त्या वर्गशिक्षिकेला म्हणाल्या, "छान. आता उद्या तिच्याकडे कुणी बघत बसू नका."

त्या शालेय वर्षाच्या शेवटी बाईंनी नोकरी सोडली. गुडघे गेले होते, चढ झेपत नव्हता. मुलगा न्यायला आला होता, त्याच्याजवळ राहायचं ठरलं होतं. नंतर काही वर्षं त्यांची नाताळात शुभेच्छापत्रं यायची, भूकंपानंतर तर लागोपाठ फोन आले, आणि मग आम्ही पुण्याला परतलो, घरं बदलली, आणि एक दिवस लक्षात आलं की बऱ्याच दिवसांत काही नाही. त्या गेल्याचं मला फार उशिरा, तिसऱ्याच कुणाकडून कळलं.

पण मला त्यांचा कोबेतला शेवटचा दिवस आठवतो तो जूनमधला. रविवारी दुपारी दोघांना जेवायला बोलावलं होतं. जपानी छोट्या वांग्यांची भरली वांगी होतात सुरेख, ती केली होती. मुलगा उंच, हसतमुख, तिशीचा. सईनं त्याला बाईआजींचा मुलगा म्हणजे मराठीच असणार असं धरून सगळं घर दाखवलं, अखंड मराठीतून. तो गुडघ्यांवर हात ठेवून वाकून ऐकत होता, योग्य ठिकाणी मान डोलवत होता. बाई लांबून बघत होत्या. एकदाही त्यांनी त्याला इंग्रजी करून दिलं नाही, आणि त्यानंही मागितलं नाही.

जेवण झाल्यावर बाई जरा आडव्या झाल्या. तो स्वयंपाकघरात आला आणि न विचारता ताटं पुसायला लागला.

"तुमची मुलगी काय बोलली ते मला कळलं नाही," तो इंग्रजीत म्हणाला. "पण आवाज ओळखीचा वाटला. मी लहान असताना मॉम असंच बोलायची. मग एक दिवस थांबली."

मी म्हणाले, "हो, त्यांनी मला सांगितलं. शिक्षिकेनं सांगितलं होतं ना त्यांना."

त्याचा हात थांबला. "कुठल्या शिक्षिकेनं?"

मी जेवढं ऐकलं होतं तेवढं सांगितलं. तो ताट हातात धरून उभा होता.

"मला वाटलं होतं, ती माझ्यावर चिडली आहे," तो म्हणाला. "मी काहीतरी केलं असेल असं वाटलं होतं. काय केलं ते मला कधी कळलं नाही. मग मी फार शहाण्यासारखा वागायला लागलो."

"हे त्यांना ठाऊक आहे?"

"नाही. मी पाच वर्षांचा होतो. आता काय सांगायचं."

"आजच सांगा," मी म्हणाले.

चारच्या सुमाराला ते निघाले. बाईंनी सईच्या डोक्यावर हात ठेवला, मला जवळ घेतलं, आणि आमच्याकडे नेहमी म्हणतात तसं, येते म्हणाल्या. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहायचो. सई आणि मी गॅलरीत गेलो. खाली गल्लीत दोन्ही बाजूंना आजिसाई, म्हणजे हायड्रेंजिया, फुलल्या होत्या, निळ्या आणि जांभळ्या. तो बाईंची बॅग घेऊन हळूहळू त्यांच्या चालीनं चालत होता. कोपऱ्याच्या अलीकडे तो थांबला. काहीतरी बोलायला लागला. बाई पुढे गेल्या होत्या, त्या वळल्या.

तो बराच वेळ बोलत होता. बाईंनी फुलांजवळच्या बुटक्या भिंतीचा आधार घेतला आणि तिच्यावर बसल्या. त्यानं बॅग रस्त्यावर ठेवली आणि त्यांच्यासमोर उकिडवा बसला. मग बाई बोलायला लागल्या. हात हलत होते त्यांचे. तो मान वर करून ऐकत होता.

"आई, त्या कुठल्या भाषेत बोलतायत?" सईनं विचारलं.

"इथून ऐकू येत नाही," मी म्हणाले.

कोपऱ्यावर त्यांची बस आली, थांबली आणि गेली. दोघांनीही तिकडे बघितलं नाही. मी सईला आत घेतलं आणि गॅलरीचं दार हळूच ओढून घेतलं.